भूस्तरांचे बलमापन (पुणे परिसर)

इमारत, पूल, धरण किंवा बोगदा यांच्याखालची माती व खडक किती भार पेलतील, हे बोअर घेऊन आणि त्यातून निघालेले नमुने प्रयोगशाळेत तपासून ठरवण्याची पद्धत. बोलण्यात तिला ‘सॉइल टेस्टिंग’ म्हणतात. पुण्यात मात्र कामाचा मोठा भाग मातीचा नसून खडकाचा असतो.

पुणे दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा खडक बनला. वर काळी माती किंवा मुळा-मुठेचा गाळ, खाली मुरूम, मग झिजलेला आणि शेवटी पक्का खडक असा क्रम सहसा लागतो. पेठांमध्ये सर्वांत वर जुना भरावही सापडतो.

मातीत प्रमाण प्रवेशन चाचणी (एसपीटी) घेतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमी. उंचीवरून सोडत नळी ४५ सेंमी. ठोकायची, पहिले १५ सेंमी. वगळून उरलेल्या ३० सेंमी.चे घाव म्हणजे एन-मूल्य. मुरमात नळी लवकरच अडते. काळ्या मातीचे बल मोजून भागत नाही, तिची फुगवणही पाहावी लागते. चाळलेली १० ग्रॅम सुकी माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, म्हणून दोन्ही घनफळांतला फरक फुगवण दाखवतो.

खडकात हिऱ्याचे बिट लावून गाभा (खडकाची दंडगोल कांडी) काढतात व पेटीत क्रमाने मांडतात. १० सेंमी.पेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले वेधाची (एका खेपेत खोदलेल्या टप्प्याची) लांबी म्हणजे खडक-गुणवत्ता निर्देशांक (आरक्यूडी). दीड मीटरच्या वेधात असे तुकडे ९० सेंमी. भरले तर तो ६० टक्के, म्हणजे मध्यम. यंत्राने मोडलेले ताजे तुकडे जोडूनच मोजायचे असतात. ही काळजी न घेतल्यास चांगला खडकही कागदावर वाईट ठरतो.

प्रयोगशाळेत एकदिक संपीडन बलासाठी (एकाच दिशेने दाबल्यावर खडक किती दाब सोसतो ते मोजायला) व्यासाच्या किमान दुप्पट लांबीचा तुकडा लागतो, ५४ मिमी. गाभ्याला जवळजवळ ११ सेंमी. साहजिकच दाबला जातो तो सर्वांत धडधाकट तुकडा, आणि चुरा झालेला भाग पेटीतच राहतो. त्यामुळे चाचणीचा आकडा खडकाच्या तुकड्याचा असतो, जमिनीतल्या खडकाचा नव्हे. आखूड तुकड्यांसाठी बिंदुभार चाचणी (दोन टोकांमध्ये दाबून तुकडा फोडण्याची) उपयोगी पडते. धरणांसाठीच्या अशा चाचण्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) होतात.

पुण्याच्या खडकात एक विसंगती नेहमी दिसते. काळा, घट्ट बेसाल्ट दाबाला फार बळकट, पण सांध्यांनी (नैसर्गिक भेगांनी) भरलेला. पांढऱ्या झिओलाइट खनिजाच्या गोट्या असलेला कुहरी (पोकळ्यांचा) बेसाल्ट त्याहून मऊ, तरी त्यात सांधे कमी. म्हणून त्याचा आरक्यूडी पुष्कळदा जास्त येतो. शिवाय उभे सांधे उभ्या बोअरला चुकवून जातात. तिथे तिरपे बोअर घ्यावेत.

कातळ लागला म्हणून बोअर लगेच थांबवणे धोक्याचे. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबडा, मऊ ‘बोल’ असू शकतो, आणि तो गाभ्यात टिकत नाही. बोअरमधून परत येणारे पाणी लाल झाले की अनुभवी ड्रिलर खोली लिहून ठेवतो. बोलचा हाती आलेला तुकडा लगेच मेणात गुंडाळावा लागतो. उघडा राहिला तर तो सुकून तडकतो व चाचणीच्या कामाचा राहत नाही.