मॉर्गेज

स्थावर मालमत्तेतील हितसंबंध कर्जाच्या तारणापोटी दुसऱ्याकडे देण्याच्या व्यवहाराचे इंग्रजी नाव, मराठीत गहाण. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. ‘मोर्’ म्हणजे मृत, ‘गाज’ म्हणजे तारण. उच्चारात ‘ट’ लोप पावला, लेखनात राहिला.

तारणाला मृत का म्हटले, याविषयी दोन मते आहेत. सुमारे 1187–89 मधील, इंग्लंडचा मुख्य न्यायाधिकारी ग्लॅनव्हिल याच्या नावावर असलेल्या (कर्तृत्व शंकास्पद) लॅटिन ग्रंथानुसार, जमिनीचे उत्पन्न कर्जफेडीत वळते होत असेल तर ते जिवंत तारण. धनको उत्पन्न खात राहतो आणि मुद्दल तसेच उरते, ते मृत तारण. हा प्रकार ग्रंथकार व्याजखोरीतच गणतो, मात्र राजाचे न्यायालय त्याला मनाई करत नाही असेही नोंदवतो. पंधराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश लिटलटनचा खुलासा वेगळा आहे: पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर धनकोला. हाच अर्थ इंग्रज कायदेपंडित कोकने लिटलटनच्या ग्रंथावरील 1628 च्या भाष्यात पुढे नेला आणि तोच अधिक प्रचलित झाला. लिटलटनच्या काळी अटीवर मालकी हस्तांतरित करण्याची रीत रूढ झाली होती. त्याचा खुलासा त्या रीतीला जुळतो. मूळ अर्थासाठी मात्र जुनी नोंदच अधिक ग्राह्य वाटते.

मुदत टळली की जमीन कायमची जाण्याचा कठोर नियम इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाने साधारणतः सतराव्या शतकात विमोचनाचा, म्हणजे कर्ज फेडून जमीन सोडवून घेण्याचा, हक्क मान्य करून सैल केला.

भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 मध्ये गहाणाचे सहा प्रकार आहेत. त्यांतील ताबेगहाणात, म्हणजे मालमत्तेचा ताबा धनकोकडे देऊन केलेल्या गहाणात, उत्पन्न नुसते व्याजापोटी घ्यायचे ठरले तर ते ग्लॅनव्हिलच्या मृत तारणाजवळ जाते; मुद्दलात वळते केले तर जिवंत तारणाजवळ. मुदतखरेदीत, म्हणजे कर्ज फेडल्यास परत देण्याच्या अटीवर विक्रीच्या रूपात केलेल्या गहाणात, फसगत होते ती दस्तामुळे. 1929 च्या दुरुस्तीनुसार परत देण्याची अट खरेदीखतातच हवी. ती वेगळ्या कागदावर लिहिली तर व्यवहार गहाण ठरत नाही आणि विमोचनाचा हक्क मागता येत नाही. मुद्दल 100 रुपये वा अधिक असल्यास, हक्कपत्रे ठेवून केलेले गहाण वगळता, नोंदणीकृत दस्त व किमान दोन साक्षीदार लागतात. विमोचनाच्या दाव्याची मुदत 1963 च्या मुदत अधिनियमाने 60 वरून 30 वर्षांवर आणली. पण ताबेगहाणात ती गहाणाच्या तारखेपासून मोजू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले.