व्लादे दिवाच : एनबीएमधली करिअर

व्लादे दिवाच (जन्म 3 फेब्रुवारी 1968, प्रियेपोल्ये, सर्बिया) हा सर्बियाचा बास्केटबॉलपटू, सेंटर (म्हणजे टीममधला सहसा सगळ्यात उंच, बास्केटजवळ खेळणारा), उंची 7 फूट 1 इंच. 1989 ते 2005 असे 16 सीझन तो एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग, खेळला, आधी लॉस एंजलीसची लेकर्स टीम, मग शार्लट, मग सॅक्रामेंटो आणि शेवटी परत लेकर्स. आडनावातला शेवटचा 'च' हा 'चमचा'मधला, 'चहा'मधला नाही. इंग्रजी स्पेलिंग बघून बरेच जण 'दिवाक' म्हणतात ते चूक आहे.

घर सोडलं ते शाळकरी वयात, क्राल्येवोच्या स्लोगा क्लबसाठी, आणि तिथून 1986 ला बेलग्रेडच्या पार्टिझानकडे. त्याच वर्षी 18 व्या वर्षी युगोस्लाव्हियाकडून स्पेनमधला वर्ल्डकप खेळला आणि सेमीफायनलला सोव्हिएत युनियनसमोर शेवटच्या मिनिटात टीमकडे 9 पॉइंटची लीड असताना समोरच्यांनी धडाधड थ्री-पॉइंटर मारले, त्यात दिवाचने डबल ड्रिबल (टप्पे थांबवून परत मारायचे, हा फाउल धरतात) करून बॉल देऊन टाकला, मॅच ओव्हरटाइमला गेली आणि 1 पॉइंटने हरले. एखादं पोरगं यातच संपलं असतं, हा मात्र तीन वर्षांत लॉस एंजलीसला पोचला.

1989 च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) लेकर्सने त्याला 26 व्या नंबरवर घेतलं. टायमिंग बघा, करीम अब्दुल-जब्बार नुकताच रिटायर झालेला, सेंटरची जागा रिकामी आणि तिथे हा इंग्रजीचा पत्ता नसलेला दाढीवाला. त्याच उन्हाळ्यात युरोपातून पेत्रोविच, पास्पाल्य, मार्चुल्योनिस, वोल्कोव असे बरेच जण अमेरिकेत उतरले होते. युरोपियन प्लेयर नाजूक असतात, एनबीएची धक्काबुक्की त्यांना झेपत नाही असा तेव्हा सरसकट समज होता. दिवाच पहिल्याच वर्षी ऑल-रुकी फर्स्ट टीममध्ये, म्हणजे नवख्यांतल्या सगळ्यात चांगल्या पाच जणांत, आला, 1991 ला मॅजिक जॉन्सनबरोबर फायनल खेळला (शिकागोकडून 4-1 हरले), आणि 1994-95 ला मॅचमागे 16 पॉइंट, 10.4 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) इथपर्यंत गेला.

याच काळात दोस्ती तुटली ती कायमची. ड्राझेन पेत्रोविच क्रोएशियाचा, नॅशनल टीममधला जिगरी (सर्बिया आणि क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियातच होते). 1990 ला ब्युनोस आयर्समध्ये वर्ल्डकप जिंकल्यावर कोर्टवर एक जण क्रोएशियाचा झेंडा घेऊन आला आणि दिवाचने तो हिसकावून बाजूला केला. त्याचं म्हणणं, ही टीम युगोस्लाव्हियाची आहे, सर्बियाचा झेंडा असता तरी हेच केलं असतं. पण पुढच्याच वर्षी क्रोएशियात सर्बांशी युद्ध पेटलं आणि क्रोएशियात तो व्हिलन झाला, पेत्रोविचनेही बोलणं टाकलं. 7 जून 1993 ला पेत्रोविच जर्मनीत कार ॲक्सिडेंटमध्ये गेला, वय 28. बोलायचं ते राहूनच गेलं.

आता तो ट्रेड, म्हणजे दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल, ज्यामुळे बास्केटबॉल न बघणाऱ्यालाही हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं. 1996 ला लेकर्सला शकील ओनीलला आणायचं होतं आणि त्यासाठी सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) जागा पाहिजे होती, शिवाय लेकर्सचा मॅनेजर जेरी वेस्टला हायस्कूलमधून थेट आलेला कोबी ब्रायंट नावाचा मुलगा हवाच होता. शार्लट हॉर्नेट्सने 13 व्या नंबरवर कोबीला घेऊन लेकर्सला द्यायचं आणि बदल्यात दिवाच घ्यायचा, असं ठरलं. दिवाच म्हणाला मी लॉस एंजलीस सोडणार नाही, त्यापेक्षा खेळणंच सोडतो. काही दिवस ट्रेड अडकला, शेवटी तो तयार झाला. कोबी पुढे सुपरस्टार झाला म्हणून लोक हा ट्रेड जोक म्हणून सांगतात, पण शार्लटने पुढच्याच सीझनला 54 मॅच जिंकल्या होत्या हेही सांगायला पाहिजे.

खरा दिवाच दिसला सॅक्रामेंटोत. लॉकआउटच्या काळात (मालक-खेळाडू वादात एनबीए बंद होती) तो बेलग्रेडमध्ये चक्क पार्टिझानचा कट्टर वैरी असलेल्या रेड स्टारकडून खेळून आला (पार्टिझानवाल्यांना काय वाटलं असेल ते सोडा) आणि जानेवारी 1999 ला सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला, लेकर्सच्या जर्सीवरचा 12 नंबर उलटा करून 21. 24 मार्चला नाटोने सर्बियावर बॉम्बिंग सुरू केलं तेव्हा तो आणि टीममधला दुसरा सर्बियन पेजा स्टोयाकोविच दोघंही सॅक्रामेंटोत ऐन सीझनमध्ये होते. किंग्जचा गेम असा की सेंटर बास्केटखाली धक्के खात उभा राहत नाही, तो वर फ्री थ्रो लाइनजवळ येतो, बॉल त्याच्याकडे, बाकीचे चौघं कट मारत पळतात आणि हा पाठीमागून, डोक्यावरून, टप्पा देऊन पास काढतो. आज सर्बियाचाच सेंटर निकोला योकिच हेच करून तीनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला तर सगळे थक्क होतात, पण सर्बियन सेंटरचा हा गेम सॅक्रामेंटोने आधीच बघितला होता. दुसरी ख्याती फ्लॉपिंगची, म्हणजे फाउल मिळावा म्हणून पडायचं नाटक, ओनीलचा खांदा लागायचा अवकाश की 7 फुटी माणूस हात पसरून आडवा. ओनील चिडायचा, रेफरी बऱ्याचदा फसायचे.

गंमत म्हणा की दुर्दैव, ज्या दोघांसाठी लेकर्सने त्याला काढलं त्याच ओनील-कोबीने 2000, 2001, 2002 अशी सलग तीन वर्षं किंग्जला प्लेऑफमधून (सीझननंतरची बाद फेरी) बाहेर काढलं. 2002 ला किंग्ज 61 विजयांसह लीगमध्ये एक नंबर. लेकर्सबरोबरची सिरीज 2-1 अशी त्यांच्या बाजूने, चौथ्या मॅचला किंग्ज 99-97 ने पुढे, सेकंद संपत आलेले. कोबी चुकला, ओनील चुकला, आणि दिवाचने बॉल लांब जावा म्हणून हाताने बाहेर ढकलला. तो बरोबर थ्री-पॉइंट लाइनबाहेर उभ्या लेकर्सच्या रॉबर्ट हॉरीच्या हातात. त्याने मारला, 100-99. सिरीज 4-3 ने गेली. त्याच उन्हाळ्यात इंडियानापोलिसमध्ये दिवाचच्या युगोस्लाव्हियाने अमेरिकेला त्यांच्याच घरात 81-78 हरवून पुढे वर्ल्डकप मारला, तेवढंच समाधान.

2004 ला तो लेकर्सकडे परतला पण पाठीने साथ दिली नाही, 15 मॅचवर कारभार आटोपला. एकूण 1134 मॅच, 13,398 पॉइंट, 9,326 रिबाउंड. सॅक्रामेंटोने 2009 ला 21 नंबर रिटायर केला (तो नंबर मग दुसऱ्या कुणाला देत नाहीत), 2019 ला हॉल ऑफ फेम.

2015 ला किंग्जचे मालक विवेक रणदिवे (होय, आपल्या मुंबईत जन्मलेले) यांनी त्याला बोलावून मॅनेजमेंट हातात दिलं. ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅच झाल्या त्या याच टीमच्या, इंडियाना पेसर्सबरोबर, आणि किंग्ज दोन्ही हरले. पण मॅनेजर दिवाच लोकांच्या लक्षात आहे तो 2018 च्या ड्राफ्टसाठी. दुसरा नंबर हातात होता, समोर स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच होता आणि दिवाचने मार्विन बॅगली घेतला. ऑगस्ट 2020 ला त्याने पद सोडलं, तोपर्यंत डॉन्चिच डॅलसकडून ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक स्टार खेळाडूंची मॅच) खेळून झाला होता.