इंजिन हाताने फिरवणे (हँडल मारणे)

मोटारीच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) स्टार्टरविना, हँडल, पाना किंवा मागचे चाक यांच्या साहाय्याने फिरवण्याची क्रिया. मूळ हेतू इंजिन सुरू करणे हा होता. आज जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती मुख्यतः देखभालीसाठी केली जाते. सुरू करण्यासाठी दिलेला झटका तो ‘हँडल मारणे’ आणि तपासणीसाठी दिलेला सावकाश फेरा तो ‘इंजिन फिरवून बघणे’. कोल्हापुरात बोलताना हा भेद नेहमीच पाळला जातो असे नाही. उसाच्या मळ्यातल्या ऑइल इंजिनालाही हँडलच मारले जात असे आणि उद्यमनगर या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या अनेक मिस्त्र्यांचा हात आधी त्याच इंजिनांवर बसला.

हँडल मागे पडण्यामागे एक कथा वारंवार सांगितली जाते. अमेरिकन मोटार-उत्पादक बायरन कार्टर (मृत्यू १९०८) डेट्रॉइटजवळ एका स्त्रीची बंद पडलेली गाडी सुरू करायला गेले, हँडल उलटले, जबडा मोडला आणि त्यातच पुढे त्यांचा अंत झाला. त्यामुळे व्यथित झालेल्या कॅडिलॅक मोटार कंपनीच्या हेन्री लेलंड यांनी अभियंता चार्ल्स केटरिंग यांच्याकडून विजेचा स्टार्टर करवून घेतला, अशी ती कथा. स्थळ, काळ आणि मृत्यूचे कारण यांविषयी निरनिराळे तपशील आढळतात. मृत्यू न्यूमोनियाने झाला असेही सांगितले जाते. कथा पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही, पण तिच्यावर फार भार टाकू नये हे बरे. इंग्लंडमध्ये १८९६ च्या सुमारास एका आर्नल्ड मोटारीला विजेचा स्टार्टर बसवला गेला होता आणि अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये अशा यंत्रणेचे पेटंट मिळाले होते. म्हणजे गरज आधीच जाणवलेली होती. केटरिंग यांचा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलवर आला, हे मात्र निर्विवाद आहे. तरीही हँडलचे भोक गाड्यांच्या तोंडावर पुढे कित्येक दशके राहिले. अ‍ॅम्बॅसडर आणि जीप यांच्या मालकांना ते परिचित आहे.

हँडल उलटण्याचे कारण असे, की पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या बऱ्याच आधी ठिणगी पडली तर स्फोट पिस्टनला मागे ढकलतो. म्हणून अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवतात, मूठ आवळत नाहीत, आणि हँडल खाली न दाबता वर ओढतात. देखभालीच्या वेळी इग्निशन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. शक्यतो चारही प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) काढावेत. मग इंजिन एका हाताने फिरते.

प्लग जागेवर असताना मात्र हातालाच निदान कळते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एकदा हँडल जड होते. दोन फेऱ्यांत चार वेळा जडपणा यायला हवा. तीनच वेळा आला तर एक सिलिंडर कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) धरत नाही. व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणारी झडप) जळला आहे की पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या आहेत, हे पुढचे काम. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा फिरवल्यावर जडपणा परतला, तर संशय रिंगांवर जातो.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली, फट पाहण्यासाठी अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या १,४८९ घ. सेंमी. इंजिनात ‘नऊचा नियम’ वापरतात. ज्या व्हॉल्व्हची फट मोजायची त्याचा क्रमांक नवातून वजा करावा आणि येणाऱ्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला जाईपर्यंत इंजिन फिरवावे : पहिल्यासाठी आठवा, तिसऱ्यासाठी सहावा. व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असल्याने आणि स्फोटाचा क्रम १–३–४–२ असल्याने हे जमते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत आठही उरकतात. फट साधारण ०·०१५ इंच (सुमारे ०·३८ मिमी.), फिलर गेजचे (फट मोजायच्या साधनाचे) पाते किंचित ओढ घेत सरकले पाहिजे.

हँडल नसल्यास पुलीच्या नटाला पाना लावतात. दुसरी रीत म्हणजे मागचे एक चाक जॅकवर उचलून, टॉप गिअर टाकून ते चाक फिरवणे. यात डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांत फेरे वाटणाऱ्या गिअरसंचाचा, विसर पडतो. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असल्याने ४·५ च्या अ‍ॅक्सल रेशोला (दोन्ही चाके मिळून फिरली तर एका फेऱ्याला इंजिनाचे साडेचार फेरे) उचललेल्या चाकाचा एक फेरा म्हणजे इंजिनाचे साडेचार नव्हे, सव्वादोन फेरे. फॅनबेल्ट ओढून इंजिन फिरवणारेही आहेत. प्लग काढलेले असतील तरच हे करावे. उलटे फिरवू नये असे सांगतात, कारण टायमिंग चेनचा ताण सुटून खुणा किंचित चुकतात.

उभ्या गाडीचे इंजिन महिन्या-दोन महिन्यांनी फिरवावे का, यावर एकमत नाही. एका बाजूने पिस्टनच्या रिंगा एकाच जागी गंजून चिकटतात. दुसऱ्या बाजूने कोरड्या भिंतींवर त्या घासल्या जातात. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून मग फिरवणे हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य वाटतो. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात तर तेलाविना फिरवण्यात अर्थ नाही. दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या छत्रपती घराण्याच्या १९३० च्या दशकातील मेबॅकसारख्या, वर्षातून मोजक्या वेळा रस्त्यावर उतरणाऱ्या गाड्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष येतो.

पंचगंगेच्या पुराने या जुन्या रीतीला नवे काम दिले. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांत पाणी शिरले. बुडालेल्या गाडीला सेल्फ (विजेचा स्टार्टर) मारणे ही सर्वांत महागडी चूक होय : सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन व क्रँकशाफ्ट जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात; भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात. त्या थांबल्यावर तेल पाहतात. ते दुधाळ चहासारखे दिसले तर बदलतात, कधी दोन-तीनदा. इंजिन जॅम असल्यास सिलिंडरमध्ये डिझेल व तेलाचे मिश्रण सोडून काही दिवस ठेवतात आणि पान्याने थोडे पुढे, थोडे मागे असे हलवतात. उलट न फिरवण्याचा नियम इथे बाजूला राहतो.

आडव्या बसवलेल्या आधुनिक इंजिनांना हँडलची सोय नाही. पुलीचा नट चाकाच्या बाजूला, प्लास्टिकच्या आवरणामागे असतो आणि टायमिंग बेल्ट बदलतानाच त्याला पाना लागतो.