तुमच्या हिशेबाचा सर्व्हर कुठे आहे?

मागच्या मार्चअखेरीस एका ग्राहकाच्या ऑफिसात बॅकअपची सेटिंग उघडली, तर ‘लोकेशन’समोर सिंगापूर! मालकांना पत्ताच नव्हता. सॉफ्टवेअर घेताना जे आपोआप टिक झालं, ते तसंच राहिलं. माल चाकणला जातो आणि वह्या समुद्रापार.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हे चालत नाही. हिशेबवह्या कॉम्प्युटरवर असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज व्हायला हवा. पूर्वी नियमात ‘ठरावीक काळाने’ असं होतं, ऑगस्ट २०२२ मध्ये ‘दररोज’ झालं. मूळ डेटा बाहेर असला तरी हरकत नाही, प्रत मात्र इथे हवी. शिवाय दरवर्षी आर्थिक पत्रकं भरताना सर्व्हिस देणाऱ्याचं नाव, आयपी अ‍ॅड्रेस आणि ठिकाण कळवायचं असतं. तो परदेशी असेल तर भारतात त्या वह्यांचा ताबा कोणाकडे आहे, तेही. प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मना हा कंपनी नियम लागू नाही.

कार्ड पेमेंटचं मात्र उलटं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार देशांतर्गत व्यवहाराचा पेमेंट डेटा फक्त भारतातच साठवायचा. प्रोसेसिंग बाहेर झालं तर तिथला डेटा पुसून २४ तासांत किंवा कामकाजाच्या एका दिवसात, जे आधी असेल तेव्हा, इथे आणायचा. हे न पाळल्यामुळे जुलै २०२१ पासून मास्टरकार्डला भारतात नवे ग्राहक घेता येत नव्हते; जून २०२२ मध्ये बंदी उठली. ही जबाबदारी तुमच्या पेमेंट गेटवेची (कार्डाने पैसे स्वीकारायची सोय देणाऱ्या कंपनीची), तुमची नाही. पण ग्राहकांचे कार्ड नंबर एक्सेलमध्ये लिहून ठेवत असाल (आम्ही पाहिलंय!), तर आजच पुसा.

युरोपातल्या कंपन्यांचं काम करणाऱ्यांसाठी: तिकडच्या माणसांचा डेटा पुरेसा सुरक्षित राहतो असं युरोपियन युनियनने ज्या देशांबद्दल ठरवलंय, त्यांत भारत नाही. म्हणून तिकडची पार्टी कराराला युरोपियन युनियनने २०२१ मध्ये ठरवून दिलेली डेटा सुरक्षेची कलमं जोडून पाठवते. ‘फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून सही ठोकू नका. डेटा कोणाला दाखवणार, गळती झाली तर कधी कळवणार, हे त्यात बांधून दिलेलं असतं.

आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही ठरावीक देशांत डेटा पाठवण्यावर बंधन घालायचा अधिकार केंद्राकडे आहे.

तूर्त एवढंच करा: बॅकअपच्या पानाचा स्क्रीनशॉट आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. लोकेशन तपासून देण्याचे पैसे नाहीत, सर्व्हर हलवायचा असेल तर आधी कोटेशन देऊ.