वॉर्सात पियानो वाजवायचाय? आधी जन्मदाखला शोधा

पोलिश संगीतकार शोपँच्या नावाची आंतरराष्ट्रीय शोपँ पियानो स्पर्धा 1927 पासून पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, भरते आणि एरवी दर पाच वर्षांनी होते. 2025 च्या ऑक्टोबरात एकोणिसावी झाली, एरिक लू पहिला आला, बक्षीस 60,000 युरोंचं. पुढची पाळी 2030 ची. एवढ्या लवकर कशाला लिहितोय, असं वाटेल. वयाचं गणित मांडा, मग कळेल.

2025 ला 1995 ते 2009 दरम्यान जन्मलेल्यांनाच अर्ज करता आला, म्हणजे त्या वर्षी 16 ते 30 पूर्ण करणाऱ्यांना. हाच नियम राहिला तर 2014 मध्ये जन्मलेली मुलंही 2030 मध्ये बसतात. लहान म्हणून सोडून देऊ नका. 2025 मध्ये चौथं बक्षीस विभागून मिळालेली चीनची ल्यू तियानयाओ जेमतेम सतरा वर्षांची होती. नेमकी जन्मवर्षं मात्र नवीन नियमावली आली की तिच्यातच पाहा. देशाची अट नाही. पियानोच्या ग्रेड परीक्षांच्या प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल आपल्याकडे फार जपतात. इथे ती कोणी तोलत नाही.

तोलतात ते रेकॉर्डिंग. अर्ज ऑनलाइन असतो. त्यात जन्मतारखेचा पुरावा, शिक्षण आणि कार्यक्रमांची माहिती, नामवंत संगीतकारांची शिफारसपत्रं, फोटो आणि व्हिडिओ जोडायचा. व्हिडिओत सगळं शोपँचंच: एत्यूद (सरावाच्या धर्तीची रचना), नॉक्टर्नसारखी संथ रचना, माझुर्का (पोलिश लोकनृत्याच्या तालावरची), शिवाय बॅलाड किंवा स्केर्त्सोसारखी एखादी मोठी रचना. कुठली चालेल याची यादी नियमावलीत असते आणि ती दर वेळी थोडी बदलते, म्हणून मागच्या वेळच्या यादीवर तालीम सुरू करू नका. चांगले चांगले तुकडे जोडून एक रचना बनवलेली चालत नाही. अधे-मधे कुकरची शिट्टी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. फ्लॅटमधल्या डिजिटल पियानोवर हे काम होत नाही. नीट ट्यून केलेला ग्रँड पियानो असलेला हॉल शोधा, आणि मुंबई-कोकणात असाल तर पावसाळा टाळा. दमट हवेत आज लावलेला पियानो आठवड्यात उतरतो.

2025 ला 640 हून अधिक अर्ज आले होते. रेकॉर्डिंगवरून निवडलेल्यांना एप्रिल-मे मध्ये वॉर्सात प्राथमिक फेरी, त्यातून आणि काही मोठ्या स्पर्धांच्या थेट प्रवेश मिळालेल्या विजेत्यांतून ऑक्टोबरच्या मुख्य स्पर्धेसाठी ऐंशीच्या वर वादक. म्हणजे मुलगी चमकली तर सहा महिन्यांत दोन पोलंडवाऱ्या. खर्चाची बेरीज दोनदा करा.

आता नावाचा घोळ. माझ्या भाचीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा होता. बाळाचं नाव ठरायच्या आधीच नोंद झालेली. पासपोर्टवर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव लागलं, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आणि तिच्या पियानोच्या बाईंनी शिफारसपत्रात प्रेमाने लिहिलं फक्त घरचं नाव! तीन कागद, तीन मुली. जन्मदाखल्यात नाव घालून घ्यायला ताईने नगरपालिकेत चार खेटे घातले. तेव्हा एकच करा: पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच अर्जावर, पत्रावर आणि व्हिडिओ फाइलला. गुरुजनांना नाव कागदावर लिहून द्या, संकोच करू नका.

पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तो मध्येच संपतोय का बघा. पोलंडला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालू हवा, प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा, आणि मूल अठरा वर्षांखालचं असेल तर आईवडील दोघांची लेखी संमती. वडील परदेशी नोकरीला असतील तर हा कागद आधीच मागवा, ऐन वेळी तोच अडतो.

परतीचं तिकीट काढताना 17 ऑक्टोबर मोकळा धरा. शोपँची ती पुण्यतिथी. त्या दिवशी फेरी नसते. होली क्रॉस चर्चमध्ये, जिथल्या खांबात त्याचं हृदय जपून ठेवलंय, मोत्सार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, होतं. अंतिम फेरी त्यानंतर.