शब्द ओळखता येणं आणि शब्द वापरता येणं

अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: वाचताना सगळं कळतं, पण लिहायला बसलं की तेच ते चार शब्द. दोष स्मरणशक्तीला दिला जातो. खरं तर शिकलेली गोष्ट एक आणि हवी असलेली दुसरीच, असा हा घोळ आहे.

‘मिटिगेट’ घ्या. यादीत त्याच्यासमोर असतं ‘कमी करणे’. एवढ्या शिदोरीवर वाचताना अर्थ लागतो, कारण आजूबाजूचे शब्द हात देतात. दिलेल्या पर्यायांतून समानार्थी शब्द निवडायचा असेल तरी भागतं. पण तोच माणूस लिहायला लागला की वजन मिटिगेट करतो, किंमत मिटिगेट करतो! इंग्रजीत मिटिगेट होतो तो धोका, नुकसान, दुष्परिणाम. म्हणजे वाईट गोष्टीची तीव्रता. वजनाला साधा ‘रिड्यूस’ पुरतो. शिवाय मिटिगेटपुढे ‘अगेन्स्ट’ येत नाही. तो ‘मिलिटेट’चा सोबती, आणि मिलिटेट अगेन्स्ट म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. (ही गल्लत मुरलेले इंग्रजी लेखकही करतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नये.) कोणता शब्द कोणाशेजारी बसतो, हे अर्थाच्या रकान्यात मावत नाही.

सरावही वेगळा लागतो. शब्द बघून अर्थ आठवला की ओळख पक्की होते. वापरासाठी उलटं करायचं: गाळलेली जागा असलेलं वाक्य समोर ठेवून शब्द आठवायचा. नुसती यादी पुन्हा पुन्हा वाचणं सगळ्यात फसवं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिलेल्यांनी त्यांना मागे टाकलं.

अर्थात प्रत्येक शब्द हाताशी हवाच असं नाही. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या अंदाजाप्रमाणे कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात. एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुळ. एवढ्या सगळ्यांची वाक्यं रचत बसलं तर वाचन कधी करायचं? ‘ऑब्स्ट्रेपरस’ म्हणजे दंगेखोर, एवढी तोंडओळख बस्स. निबंधात, अहवालात सारखे लागणारे ‘मिटिगेट’, ‘एक्झॅसरबेट’ (आणखी चिघळवणे), ‘प्लॉझिबल’ (पटण्याजोगा) मात्र वाक्यासकट शिकावेत, आणि शब्दकोशात अर्थाच्या आधी उदाहरण वाचावं.