बंब बसवण्याआधी: धुराची वाट, वाफेची वाट

बंब घ्यायला येणारे बहुतेक जण आधी लिटर विचारतात, मग तांब्याचा की स्टीलचा, मग भाव. आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: बंब ठेवणार कुठे आणि त्याचा धूर जाणार कुठून? याचं उत्तर ठरेपर्यंत आम्ही पावती फाडत नाही. तळकोकणातल्या कौलारू आणि स्लॅबच्या, दोन्ही तऱ्हेच्या घरांना उपयोगी पडेल एवढं या पत्रकात दिलं आहे. घरातल्या सगळ्यांनी वाचावं, विशेषतः सकाळी बंब पेटवणाऱ्या माणसाने.

बंद न्हाणीघरात बंब नको

दार लावून आंघोळ करायची त्या खोलीत आम्ही बंब बसवून देत नाही. जुन्या घरांत तो आतच असायचा, हे खरं. पण त्या न्हाणीला वर उघडी कौलं होती, भिंतीला झरोका होता, दाराखाली चार बोटं फट होती. आता तिथे टाइल्स आल्या, सरकती खिडकी आली, घट्ट बसणारं दार आलं. हवा यायची कुठून?

धुराला सगळेच घाबरतात. डोळे चुरचुरले की दार उघडतात. धोका खरा वाढतो तो धूर दिसेनासा झाल्यावर. ज्वाळा बसते, लाल निखारे उरतात, पाणी कडकडीत तापलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस दार लावून आंघोळीला बसतो. त्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट या वायूला धरतं, त्यामुळे श्वास चालू असूनही अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. ‘गरम पाण्याने भोवळ आली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

म्हणून बंब मागच्या उघड्या पडवीत, न्हाणीच्या भिंतीला लागून ठेवा आणि गरम पाणी नळीने किंवा बादलीने आत न्या. पडवी जाळी-काचेने बंद केलेली असेल तर ती पडवी नाही, खोलीच समजा. पडवीला लागून कुणी झोपत असेल तर त्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या. बंबाच्या मानाने खर्च किरकोळ आहे.

पाइप कसा न्यायचा

साध्या एकपदरी धुराच्या पाइपपासून लाकूड निदान दीड फूट लांब हवं. कौलारू छपरात दोन वाशांमध्ये एवढी जागा मिळतच नाही. ‘पाइप वाशाला टेकत नाही ना, मग झालं’ असं गवंडी सांगतात, ते ऐकू नका. वासा पहिल्या दिवशी पेटत नाही. रोज तापून तापून लाकूड कोरडं ठणठणीत होतं आणि काही वर्षांनी कमी उष्णतेलाही पेट घेतं. त्यापेक्षा पाइप चिऱ्याच्या भिंतीतून तिरका बाहेर काढावा आणि बाहेरून वर न्यावा. वळचणीच्या रिपांपासूनही तेच दीड फूट सोडायचं. त्यासाठी लांब हाताचे ब्रॅकेट आम्ही बनवून देतो. छपरातूनच न्यायचा हट्ट असेल तर मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलेला दुपदरी पाइप लागेल.

पाइप छपरातून वर काढलात तर त्याचं तोंड तिथून किमान 3 फूट वर हवं, शिवाय 10 फुटांच्या टप्प्यात येणाऱ्या छपरापेक्षा 2 फूट उंच. बाहेरून नेलेल्या पाइपलाही हा दुसरा हिशोब लागू आहे. आखूड पाइपमध्ये वारा उलटा शिरतो आणि धूर पेटवणाऱ्याच्या तोंडावर येतो. वळण 45 अंशांचं, तेही दोनच. आडवा पाइप नको. वर पावसासाठी टोपी आणि ठिणग्यांसाठी जाळी हवीच, कारण मागच्या दारी झावळ्या आणि गवताची उडवी नसते असं घर इकडे विरळा.

एक बारीक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक जुन्या जोडणीत चुकलेली दिसते: वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत बसायला हवं. पाऊस आत जाईल या भीतीने लोक उलटं करतात. मग काजळीचं काळं पाणी सांध्यातून बाहेर ओघळतं आणि भिंतीवर डांबरासारखे पट्टे उठतात. सांधा अग्निरोधक सिमेंटने भरावा. एम-सील उष्णतेला टिकत नाही. पीव्हीसीचा पाइप धुराला कधीच नको. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पाइपचे तुकडे घरी पडले असतील तर तेही वापरायचे नाहीत. ते तापून तडकतात आणि कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते.

पाणी आणि वाफ

आधी पाणी, मग आग. बंब भरलेला असेल तोवर तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. रिकामा पेटवला तर आतली कल्हई 232 अंशांना वितळते आणि सांध्यांची झाळही सुटते. एक बादली काढली की एक बादली ओता, ही जुनी रीत त्यासाठीच आहे.

टाकीला जोडलेल्या बंबाचं प्रकरण जास्त गंभीर. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,700 लिटर जागा मागते. तिला जागा नसेल तर ती भांडं फोडून जागा करते. म्हणून गरम पाण्याच्या बाजूला हवेची उभी नळी लागते. ती टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर उघडी सोडलेली असावी आणि बंब व नळी यांच्यामध्ये एकही व्हॉल्व्ह नसावा. नळी ठिबकते म्हणून तिला बूच मारलेली घरं आहेत; अशा बंबाला आम्ही आधी बूच काढल्याशिवाय हात लावत नाही. तांब्याच्या बंबाला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप थेट जोडू नका, मध्ये पितळी जोड घ्या, नाहीतर जीआय लवकर गंजतो. पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. सीपीव्हीसी (जास्त उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप) चालतो, पण बंबाला चिकटून नाही. पहिला तुकडा धातूचाच.

सरपण आणि राख

ओल्या लाकडाची बरीच आग त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, उरलेली काजळी धरते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: खणखणीत आवाज आला तर वाळलेल्या. पेटवायला नारळाची सोडणं आणि करवंट्या उत्तम. काजूची टरफलं स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या तेलाने पाइप आतून चिकट होतो आणि धूर घशाला झोंबतो. प्लास्टिक, सायकलची ट्यूब, रंगवलेलं लाकूड, रॉकेल: काहीच नको.

पाइपमधून घरघर आवाज यायला लागला तर आतली काजळी पेटली असं समजा. राखेचं दार बंद करा, पाइपमध्ये पाणी ओतू नका, सगळ्यांना बाहेर काढा, 101 ला फोन करा.

राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, गोठ्यापासून लांब. वरून गार वाटली तरी आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.

बंद घर उघडल्यावर

मुंबईकरांनी गणपतीला किंवा मे महिन्यात घर उघडलं की लगेच बंब पेटवू नये. कुंभारमाशीचं मातीचं घर, चिमणीचं घरटं, जाळीवर बसलेली काजळी, यातलं काहीही पाइप बुजवतं. आधी वर्तमानपत्राचा एक बोळा बंबातल्या, सरपणाच्या जाळीवर पेटवून बघा. धूर वर ओढला गेला तर पुढे जा. थंड पाइप पहिल्यांदा कुरकुरतो, दुसऱ्या बोळ्याला तापतो. तेव्हाही धूर माघारी आला तर पेटवणं थांबवा आणि पाइप उतरवून ब्रशने साफ करून घ्या. रोज वापर असेल तर पावसाळ्याआधी आणि थंडीच्या तोंडावर, वर्षातून दोनदा सफाई हवी.

आम्हाला बोलावण्याआधी

जागेचे तीन फोटो पाठवा: बंबाची जागा, त्यामागची भिंत बाहेरून, आणि वरचं छप्पर. जमिनीपासून वळचणीपर्यंतची उंची, भिंतीची जाडी आणि टाकीची उंची कळवा. 40 लिटरचा भरलेला बंब पन्नास किलोच्या आसपास भरतो, तेव्हा चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा ओटा आधीच बांधून ठेवा, तोटीखाली बादली मावेल एवढा उंच. ओटा वाळल्यावर फोन करा.